चहाआधीची गोळी

माझ्या नवऱ्याच्या लिव्हरचा एक तुकडा कापून काढला त्याला आता आठ वर्षं होतील. त्या तुकड्यात कॅन्सर होता. आज सकाळी नवरा तळ्याकडे फिरून आला, मोटर कोणी चालू ठेवली म्हणून माझ्यावर कुरकुरला, आणि आता अंगणात शेजाऱ्याच्या स्कूटरचा कार्बोरेटर उघडून बसला आहे. लोक मला विचारतात, "मॅडम, तुम्ही काय दिलं त्यांना?" त्यांना एखादी जडीबुटी, निदान पपईच्या पानांचा रस तरी ऐकायचा असतो. मी म्हणते, रोज एक गोळी आणि सांगितलेल्या तारखेला तपासणी. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. एवढ्यासाठी थांबवलं होय, असा.

पण ती रोजची एक गोळी मधे सात आठवडे बंद होती, आणि ती कशी बंद झाली हे मी सहसा कोणाला सांगत नाही. आता सांगते.

आम्ही बुलडाण्यात राहतो. मी देऊळघाटच्या शाळेत शिकवते, नवरा बस डेपोत मेकॅनिक. आठ वर्षांपूर्वी त्याच्या पाठीत कळ आली. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा सापडला नाही, पण डॉक्टरांचा हात उजव्या बरगडीखाली थांबला आणि तिथेच फिरत राहिला. पुढच्या तपासण्यांत कळलं की लिव्हरमध्ये गाठ आहे आणि रक्तात कावीळ 'ब'चा विषाणू आहे. तो बहुधा लहानपणापासून असावा. त्याने कधी काही त्रास दिला नव्हता. तेव्हा नवऱ्याला आठवलं की काही वर्षांपूर्वी डेपोत रक्तदान केल्यावर रक्तपेढीचं एक पत्र आलं होतं, येऊन भेटा म्हणून. आभाराचं असेल असं समजून त्याने ते पान्यांच्या पेटीत ठेवून दिलं होतं. पत्र सापडलं. ग्रीसने अर्धं काळं झालं होतं, पण 'तातडीने' हा शब्द वाचता येत होता.

ऑपरेशन औरंगाबादला झालं. तेव्हा तेच नाव होतं. घरी सोडायच्या दिवशी मी सर्जनना विचारलं, "हा किती वर्षं जगेल?"

त्यांनी आकडा दिला नाही. म्हणाले, "काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. गाठ एकच होती, लहान होती, रक्तवाहिनीत शिरली नव्हती, कडेचा चांगला भाग घेऊन पूर्ण निघाली. उरलेलं लिव्हर मऊ आहे, कडक झालेलं नाही. यात तुमचं कर्तृत्व काही नाही, नशीब चांगलं. पण विषाणू अजून आहे. त्याला दाबून ठेवणारी गोळी रोज घ्यायची, कायम. गाठ पुन्हा होऊ शकते, म्हणून तपासणी चुकवायची नाही. पाच वर्षं झाली तरी नाही. वजन आटोक्यात ठेवा. दारू घेता का?"

"नाही साहेब," नवरा म्हणाला. "पंचशील पाळतो आम्ही."

"मग पाचवं, दारूचं, नीट सांभाळा," सर्जन हसून म्हणाले, "बाकीची चार तुमची तुम्ही बघा."

ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. आधी दोन तास, नंतर दोन तास पोटात काही नको. पहाटे पाचला गोळी आणि सातला चहा असं ठरलं. माझा नवरा ऑपरेशनला घाबरला नाही, पण सातपर्यंत चहा नाही हे ऐकून त्याने मान खाली घातली. घरी आल्यावर मी स्वतःची आणि मुलीची तपासणी करून घेतली. दोघींनाही विषाणू नव्हता. दोघींनी लशीचे तिन्ही डोस घेतले. बुरशी आलेले शेंगदाणे लिव्हरला घातक असतात, ते निवडून फेकायचे हे मला माहीत होतं, आता मी ते निवडूनही बघत बसत नाही, सगळेच फेकते.

नवऱ्याची मोठी बहीण रोहिणखेडला असते. ऑपरेशननंतर ती भेटायला आली तेव्हा काविळीवरचा काढा बाटली भरून घेऊन आली होती. तो मी तिच्यादेखत मोरीत ओतला. तिने राग धरला नाही, कारण तिला त्याहून महत्त्वाचा प्रश्न पडला होता.

"कापलं तरी लिव्हर वाढते म्हणतेत. खरं काय वं?"

"हो, वाढते."

"मंग हे त निंबाच्या झाडासारखं झालं. छाटलं का फुटते." आणि भावाकडे बघून, "पह्यलेच छाटून आणाले पाह्यजे होतं तुले."

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी औरंगाबादला तपासणी होती, मग सहा महिन्यांनी. पहिल्या वर्षी मी रोज पाचला उठून गोळी हातावर ठेवत असे. पुढे तो स्वतःच घेऊ लागला आणि मी झोपू लागले. पाच वर्षं झाली तेव्हा सर्जननी त्याचा हात हातात घेतला आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीखही लिहून दिली. सगळं असं सुरळीत चाललं होतं.

सातव्या वर्षी मुलीची सोयरीक आली. मुलगी अकोल्याला नोकरीला, मुलगाही तिथेच इंजिनिअर. दोघांची ओळख होती, पसंतीही होती. पाहण्याचा कार्यक्रम आम्हा मोठ्यांच्या समाधानासाठी. मुलाचे आईवडील पिंपळगाव राजाचे. वडील निवृत्त तलाठी. कार्यक्रमाच्या आधी ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस अगोदर नणंद आली, आल्या आल्या तिने घर नजरेखालून घातलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर तिला गोळ्यांची बाटली दिसली.

"मास्तरीणबाई, पावणे येतीन त हे इथं नको. अन् ते रिपोर्टाची थैली टाक पलंगाखाली."

"काऊन?"

"काऊन म्हणे! पोरीच्या बापाले कॅन्सर हाय म्हटलं त कोण येईन वं दारात?"

"होता. सात वर्षं झाली त्याले."

"मंग गोळ्या काऊन सुरू हायेत? ज्याच्या गोळ्या सुटल्या तो बरा. नाही सुटल्या तो बिमार. मले एवढंच समजते बाप्पा."

तिला एकटीलाच असं समजतं असं नाही. आमच्याकडे माणूस बरा झाला की नाही हे याच मापाने मोजतात. टीबीवाल्याच्या गोळ्या सुटतात, टायफॉइडवाल्याच्या सुटतात, मग तो लोकांत येतो. कायमची गोळी म्हणजे कायमचा आजारी. मी हसून विषय संपवला. बाटली मात्र फळीवरून काढून कपाटात ठेवली, कारण पाहुण्यांसमोर फळी मोकळी बरी दिसते. दारात बसून आमचं बोलणं ऐकणाऱ्या नवऱ्याकडे मी पाहिलं नाही. ही माझी चूक.

त्यानंतर दोन दिवसांनी तो सकाळी सहाला माझ्यासोबत चहाला बसला. मी म्हटलं, आज लवकर? तर म्हणाला, "जाग आली." दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. मला ते बरं वाटलं. इतकी वर्षं मी सहाचा चहा एकटीच घेत होते. शाळेचे, डेपोचे विषय निघायचे. गोळीची वेळ बदलून घेतली असेल असं मी धरून चालले. विचारलं नाही, कारण विचारलं तर सोबत जाईल असं कुठेतरी वाटलं असावं.

पाहुणे आले. पोहे झाले, शेव झाली. मुलाचे वडील गप्पिष्ट. पाऊस, कपाशी, नातेवाईक सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "अन् भाऊ, तुमची तब्येत? गोळी-गिळी काही सुरू हाय का?"

"नाही बाप्पा," नवरा शांतपणे म्हणाला. "एकही गोळी नाही मले."

मी स्वयंपाकघरात कप पुसत होते. हात थांबला. सव्वीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. डेपोत साहेबाने विचारलं तर तो स्वतःची चूकही कागदावर लिहून देतो. पण लेकीसाठी बाप एकदा बोलला, बोलू दे, असं म्हणून मी कप पुसून ठेवले. उलट मला थोडं हसूच आलं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली.

पुढच्याच आठवड्यात मी शाळेतून येताना औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबले. ही लिव्हरची गोळी इथे कायम ठेवत नाहीत. दुकानदार ती दर महिन्याला आमच्यासाठी मागवतो आणि नवरा डेपोतून येताना घेऊन येतो.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, साहेबांची गोळी बदलली का? बाटली येऊन पडली, नेली नाही. मागचीही इथंच आहे."

मी दोन्ही बाटल्या घेतल्या आणि घरी आले. नवरा अंगणात होता. बाटल्या त्याच्यासमोर स्टुलावर ठेवल्या.

"कधीपासून बंद हाय?"

तो लपवालपवी करत नाही. "ताई येऊन गेली तवापासून. सात हप्ते झाले असतीन."

माझा हिशेब चुकला. मला वाटलं होतं दोन-अडीच आठवडे. मग लक्षात आलं, पाहण्याचा कार्यक्रम दोनदा पुढे ढकलला होता, एकदा त्यांच्याकडच्या मरणामुळे, एकदा मुलाच्या सुट्टीमुळे. म्हणजे माझे सहाचे चहाही सात आठवड्यांचे होते.

"काऊन?"

"पोराच्या बापानं इचारलं असतं, गोळी सुरू हाय काय. अन् मले खोटं बोलता येत नाही, तुले माहीत हाय."

"म्हणून?"

"म्हणून बंदच केली. मंग नाही म्हटलं त ते खरंच झालं ना."

म्हणजे त्या दिवशी तो खोटं बोललाच नव्हता. खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडू नये म्हणून त्याने रोजची गोळी मोडली होती.

"अन् पुढच्या मंगळवारची सोनोग्राफी?"

"ते साक्षगंध झाल्यावर. नाहीतर तेही सांगा लागलं असतं."

"साक्षगंध झालं का लग्न. लग्नात पुन्हा इचारतीन. तवापर्यंत बंद?"

त्याने बाटल्या स्टुलाच्या कडेला सरकवल्या. याचा अर्थ हो. मी म्हटलं, "तुमचं शील शाबूत राह्यलं, अन् लेकीच्या लग्नात तुमच्या फोटोले हार घालून ठेवू. चालते काय?" हे मी ओरडून म्हटलं. शेजारीण गच्चीवर कपडे काढत होती, ती कपडे तसेच ठेवून खाली गेली.

सर्जनना फोन केला. ते मला बोलले, त्याला नाही. ही गोळी मधेच सोडली की दाबलेला विषाणू उसळून वर येतो आणि उरलेल्या लिव्हरवर पडतो. "उरलेलं लिव्हर चांगलं आहे, याच भांडवलावर हा माणूस इतकी वर्षं चाललाय," ते म्हणाले. "आज गोळी सुरू करा, उद्या रक्त द्या, आणि डोळे पिवळे दिसले तर थेट निघा."

डोळे पिवळे नव्हते. मी दिवसातून तीनदा उजेडात धरून बघत होते. रक्ताचा रिपोर्ट मात्र वाईट आला. विषाणू पुन्हा मोजता येण्याइतका झाला होता आणि लिव्हरला सूज होती. मंगळवारी सोनोग्राफी झाली, त्यांनी सीटी स्कॅनही सांगितला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंतच्या दोन दिवसांत मी चौथीच्या वर्गाला अपूर्णांकांचा तोच धडा दोनदा शिकवला. पोरं बोलली नाहीत, दुसऱ्यांदा त्यांना सगळं येत होतं.

गाठ नव्हती. सूज उतरायला वेळ लागेल, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासा, असं सांगितलं.

गोळी आता मी हातावर ठेवत होते. पण मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. जोवर पिंपळगाववाल्यांना माहीत नाही, तोवर हा माणूस पुन्हा बंद करणार. मी पाचला उठेन, तो तोंडात टाकेल आणि मोरीत थुंकेल. वाईट बुद्धीने नाही, खरं बोलता यावं म्हणून. तेव्हा त्यांना सांगणं भाग होतं. नणंदेला फोनवर कळवलं तर ती म्हणाली, "सांग्जो, सांग्जो. अन् पोरीले मंग तूच ठेवजो जलमभर घरी." मुलीला फोन केला.

मुलगी म्हणाली, "आई, मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. सगळं. लशीचं कार्डपण दाखवलं."

"अन् तू आम्हाले नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

पण मुलाला माहीत असणं वेगळं आणि त्याच्या घराला माहीत असणं वेगळं. रविवारी पाचला गोळी देऊन, सातला चहा पाजून आम्ही मोटरसायकलवर मोताळ्यावरून निघालो. रिपोर्टांची थैली माझ्या मांडीवर. नऊला पिंपळगावला पोचलो. मुलाची आई पिठाच्या हातानेच दारात आली. आम्हाला न सांगता आलेलं बघून तिचा चेहरा उतरला.

"पोरगी नाही म्हणून राह्यली काय?"

"पोरगी राजी हाय. आमचंच काम हाय," मी म्हटलं.

मुलाचे वडील बाजेवर पेपर वाचत होते. मी थैली सोडायच्या आत नवराच बोलू लागला. "भाऊ, तवा तुम्ही इचारलं होतं, गोळी सुरू हाय काय. मी नाही म्हटलं. तवा बंद होती. आता सुरू हाय."

"मधात बिमार पडले काय?" ते गोंधळले.

मग मी सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, विषाणू, गोळी का बंद केली ते, रक्त बिघडलं ते, आणि आता दर पंधरा दिवसांनी काय तपासतो ते. बाजेवर रिपोर्ट मांडले. मुलाच्या वडिलांनी एक कागद उचलून उलटा धरला आणि बराच वेळ वाचला. मुलाची आई उंबऱ्यात उभी होती. हातावरचं पीठ वाळत आलं होतं.

"जेवणाखाण्यानं लागते काय हे?"

"नाही. रक्तातून लागते. पोरीची तपासणी केली, तिले नाही. लशीचे तिन्ही डोस झाले."

"अन् तुमाले?"

"मलेही नाही."

"हं," ती म्हणाली. "पोरानं असंच सांगतलं होतं."

नवऱ्याने मान वर केली. मुलाच्या वडिलांनीही.

"तुले सांगतलं होतं?" ते म्हणाले. "कवा?"

"झाले पाच-सहा महिने."

"अन् मले काऊन नाही सांगतलं कोणी?"

"तुमाले सांगतलं असतं त त्या रोजी बसस्टँडवर सगळ्याइले माहीत झालं असतं."

"मंग मी इचारलं तवा तू गप काऊन बसली?"

"तुम्ही इचारलंच कायले त्याइले? लेकीच्या बापाले असं इचारतेत काय?"

"मी त सगळ्याइलेच इचारतो बे!" म्हातारा कळवळून म्हणाला. "मले सोताले बीपीची सुरू हाय, शुगरची सुरू हाय. कोणाले कोणती सुरू हाय, कितीची हाय, एवढंच बोलाले राह्यलं ना आता आपल्या उमरीत!" आणि खिशातून स्वतःची पाकिटं काढून त्याने बाजेवर आमच्या रिपोर्टांशेजारी ठेवली.

बायकोला 'बे' म्हटलं म्हणून ती त्याच्यावर घसरली. माझा नवरा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. ज्या प्रश्नाचं उत्तर त्या घरात निम्म्यांना आधीच माहीत होतं आणि उरलेल्यांना त्याचं काही वाटणार नव्हतं, त्या प्रश्नासाठी त्याने सात आठवडे स्वतःचं लिव्हर विषाणूपुढे मोकळं सोडलं होतं. मला त्या वेळी हसू आलं नाही. परत येताना, मोताळ्याच्या पुढे आलं.

साक्षगंध ठरल्या दिवशी झालं. रक्त सुधारायला पाच महिने लागले. आधी सूज उतरली, मग एका रिपोर्टात विषाणू पुन्हा मोजण्यापलीकडे गेल्याचं आलं. सर्जननी मला विचारलं, "आता बंद करायचं काही कारण उरलंय का?" मी म्हटलं, एकही नाही.

लग्न उन्हाळ्यात झालं, इथल्याच एका हॉलमध्ये. आम्ही आदल्या दिवशीच मुक्कामाला होतो. पहाटे पाचला नवऱ्याने सगळ्यांदेखत गोळी घेतली. आचाऱ्याने तेव्हाच चहाचं पातेलं उतरवलं होतं आणि वधूपित्याला पहिला कप द्यायचा म्हणून तो कप घेऊन मागे लागला. भाऊ घ्या, भाऊ घोटभर घ्या. नवरा भिडस्त, कप हातात घेतलाच. हॉलच्या दुसऱ्या टोकाला विहीण केस विंचरत बसली होती. तिथूनच ती ओरडली, "ओ आचारी! त्याइले सात वाजेलोक काही देऊ नका! लिव्हरची गोळी झाली त्याइची!"

दोन्हीकडचं अख्खं वऱ्हाड जागं झालं. माझ्या नणंदेने पदर तोंडावर घेतला. दोन-तीन पाहुणे नवऱ्याभोवती जमले आणि कोणती गोळी, कितीची, कुठे मिळते असं विचारू लागले. व्याही तर अंघोळ सोडून आले आणि आपली पाकिटं दाखवू लागले. नवऱ्याने कप आचाऱ्याला परत दिला आणि एकेकाला उत्तरं देत बसला. बऱ्याच दिवसांनी तो इतका मोकळा बोलताना मी पाहिला.

पुढची सोनोग्राफी येत्या पंधरवड्यात आहे. या वेळी विहीणही सोबत येते म्हणाली. तिला तिकडे साड्या बघायच्या आहेत, आणि व्याह्यांना घरी एकटं ठेवलं तर ते गोळ्या विसरतात म्हणून त्यांनाही आणणार आहे. मोटरसायकलवर चौघं मावत नाहीत. नवऱ्याने डेपोतल्या मित्राची गाडी मागितली आहे.